वर सोडलेली कोरी जागा

“हात लावू नका.”

कारकून एवढंच म्हणाला आणि टेबलावरची फाईल त्याने स्वतःकडे ओढून घेतली. मी हात लावलाच नव्हता. फाईलवर आमच्या गावाचं नाव दिसलं म्हणून जरा वाकले होते. कोल्हापुरातली एक सरकारी कचेरी. अंगणवाडीला रजा टाकून सकाळच्या पहिल्या एसटीने आले होते. चप्पल घालून आत जावं की दारात काढावी, इथूनच माझी भीती सुरू झाली होती.

“कुठलं गाव?”

सांगितलं.

“गावात कुठं?”

हा प्रश्न मला लहानपणापासून ओळखीचा. गावात कुठं, म्हणजे तुम्ही कोण. “बौद्धवस्ती,” मी म्हणाले. फाईल आणखी वीतभर आत गेली.

“खाणीचा अहवाल वाचायचा होता,” मी म्हणाले. “पेपरात आलंय, इथं बघायला मिळंल म्हणून.”

“इंटरनेटवर टाकलाय की सगळा. घरात बसून बघा जावा.” मग शेजारच्या टेबलाकडे मान वळवून तो म्हणाला, “काय वं, ह्यांच्या वस्तीत इंटरनेट आलंय न्हवं?”

शेजारचा हसला. बाकावर ताटकळत बसलेले तिघे-चौघेही हसले. आणि मीसुद्धा हसले. हे सांगायला लाज वाटते, पण खरं तेच सांगायचं ठरवलंय. घाबरलेलं माणूस समोरच्याबरोबर हसतं. “व्हय, बघते,” असं म्हणून मी बाहेर आले आणि जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिले. दोन हजार साल उलटून गेलेलं. जग एका बटणावर आलंय, असं सगळीकडे बोलत होते. आणि माझ्या हाताने फाईल अजून बाटत होती.

आमचं गाव मलकापूरच्या पुढे, रत्नागिरीच्या रस्त्यावरून आत वळलं की डोंगराच्या पोटाशी. गावाच्या डोक्यावर सपाट पठार. पठाराच्या कडेखाली, आमच्या वस्तीच्या वरच्या अंगाला एक झरा आहे. गावात नळ आले तेव्हा पाईप देवळापुढच्या वळणापर्यंत आली आणि तिथेच थांबली. वस्तीकडे चढ आहे, पाणी चढत नाही, असं सांगितलं. त्याच चढाने आमच्या बाया डोक्यावर सरपंचांच्या वरच्या शेतघराची लाकडं चढवत होत्या, ती बरोबर चढत. पण ते जाऊ दे. झरा होता, भर मे महिन्यातही वाहायचा, म्हणून आम्ही पाईपसाठी भांडलो नाही. आता त्या पठारावर बॉक्साईटची खाण येणार होती. पठार फोडलं की झरा कुठून यायचा, हे सांगायला शाळा शिकावी लागत नाही.

मी या गावात सून म्हणून आले ती नव्वदच्या पुढच्या सालात. वस्तीत दहावी झालेली सून मी पहिली. पुढे अंगणवाडी सेविका झाले. आणि माझं अक्षर चांगलं. चांगलं म्हणजे छापल्यासारखं, सगळे म्हणायचे. गावात कुणाचंही लग्न असलं की पत्रिकांवर नावं घालायला मला बोलावणं यायचं. सरपंचांच्या थोरल्या मुलीच्या पत्रिका मी त्यांच्या ओसरीच्या खालच्या पायरीवर बसून लिहिल्या, दोन दिवस. पाठ मोडून गेली. लग्नात आम्हाला जेवायला बोलावलं ते शेवटच्या पंगतीनंतर, गोठ्यामागे. मी जेवले. ताटातला भात गार होता, आणि घरी येऊन मी आत्यांना म्हणाले की माझ्या अक्षराचं सगळ्यांनी किती कौतुक केलं. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांनी गरम भाकरी माझ्यापुढे सरकवली.

त्याच अक्षराने माझा घात केला.

आमच्या गावाची एक पद्धत होती. ग्रामसभा देवळाच्या मंडपात भरायची. आम्ही जात नसू. कुणी येऊ नका म्हटलं नव्हतं, कुणी या असंही म्हटलं नव्हतं. पण सभेला अमुक इतकी माणसं हजर होती असं कागदावर दाखवावं लागतं, नाहीतर सभा धरत नाहीत. मग दुसऱ्या दिवशी पंचायतीचा शिपाई वही घेऊन वस्तीत यायचा. पानाचा वरचा अर्धा भाग कोरा. “ठराव ग्रामसेवक मागनं लिवत्यात वैनी, तुमी खाली नावं घाला,” असं म्हणायचा. मी वही मांडीवर घेऊन घराघरातून फिरायचे. नाव लिहायचे, पुढे सही घ्यायचे, सही येत नसेल त्याचा अंगठा घ्यायचे. कित्येक वर्षं हे केलं. मला त्यात काही चुकीचं वाटलं नाही. उलट अभिमान होता. ती वही मांडीवर असली की वाटायचं, आपणही गावात आहोत.

शेवटच्या वेळी शिपाई म्हणाला होता, “ह्या खेपेला तुमच्याच नळाचा ठराव हाय. पाईप वर न्यायची म्हनत्यात.” मी हरखून गेले. घरं बंद होती तिथे संध्याकाळी पुन्हा गेले. एक नाव सोडलं नाही. आत्यांचा अंगठा मी स्वतः धरून टेकवला. त्यांच्या उजव्या अंगठ्यावर विळ्याचा जुना वार आहे, त्यामुळे ठशात मधोमध पांढरी तिरकी रेघ उठते. “नीट उठला न्हवं?” त्यांनी विचारलं. “छान उठला,” मी म्हणाले.

कचेरीतून बाहेर पडले त्या दिवशी परतीच्या एसटीला वेळ होता. स्टँडजवळच्या गल्लीत ‘झेरॉक्स, लॅमिनेशन, इंटरनेट’ अशी पाटी दिसली. तीन वेळा दुकानावरून पुढे गेले आणि परत आले. आत जाऊन काय म्हणायचं तेच कळेना. शेवटी चढले पायरी. मालक पन्नाशीचा, चष्मा कपाळावर चढवलेला. मी पेपरातलं कात्रण पुढे केलं. त्याने ते वाचलं, मला प्लायवुडच्या खोपटात खुर्चीवर बसवलं आणि स्वतः मागे उभा राहिला.

“धरा की माऊस,” तो म्हणाला. “चावत न्हाय.”

माझा हात घामाने ओला. बाण पडद्यावर कुठल्या कुठे पळायचा. मालकाने साईट काढून दिली, अहवाल उघडून दिला आणि दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे गेला. मी एकटी उरले. एक सांगते, त्या यंत्राने मला ‘गावात कुठं’ असं विचारलं नाही. सकाळी जी फाईल माझ्यापासून वीत वीत सरकत होती, तीच आता समोर उघडी होती, आणि मी बाण खाली नेला की मुकाट्याने वर सरकत होती.

बराचसा मजकूर इंग्रजी होता. सुरुवातीला मराठीत थोडक्यात दिलं होतं. तेवढं वाचलं. पठार पडीक आहे. पठारावर शेती नाही, झाडी नाही. खाणीच्या परिसरात पिण्यासाठी वापरात असलेला झरा नाही. मी ते वाक्य दोनदा वाचलं. सकाळीच मी त्या झऱ्याच्या पाण्याने आंघोळ करून निघाले होते.

मग शेवटी जोडलेली कागदपत्रं आली. फोटो काढल्यासारखी पानं. एक पान उलटलं, दुसरं उलटलं, आणि तिसऱ्यावर बाण थांबवला.

ते माझं अक्षर होतं.

ओळखायला क्षणसुद्धा लागला नाही. एकाखाली एक, सुतात ओढल्यासारखी वस्तीतली सगळी नावं. त्यांच्यापुढे सह्या. अंगठे. आत्यांच्या नावापुढे तो ठसा, मधोमध तिरकी पांढरी रेघ. आणि वर, जिथे कोरी जागा होती तिथे, दुसऱ्या कुणाच्या तरी हाताने दाटीवाटीने लिहिलं होतं: सदर खाण प्रकल्पास बौद्धवस्तीतील सर्व ग्रामस्थांची पूर्ण संमती असून आमची कोणतीही हरकत नाही. मजकूर जागेत मावला नव्हता. शेवटची ओळ समासात उभी चढवली होती.

पहिला विचार आला तो खाणीचा नाही, झऱ्याचाही नाही. वस्तीत हे कळलं तर काय, हा आला. सरपंचाने फसवलं हे खरं. पण दारोदार कोण फिरलं? अंगठा कुणी धरला? मला पळून जावंसं वाटलं. माहेरी, कुठेही.

“काय झालं ओ ताई?” मालकाने लांबून विचारलं.

“ह्या पानाची झेरॉक्स निघती का?”

“झेरॉक्स न्हाय, प्रिंट म्हनत्यात हिला,” तो म्हणाला आणि काढून दिली. मी घडी घालून पोलक्यात ठेवली. मलकापूरपर्यंत एसटीत ती घडी मला टोचत होती.

आत्यांना मी दुसऱ्या दिवशी सकाळी झऱ्यावर सांगितलं. घरात सांगायचं धाडस झालं नाही. कागद उलगडून दाखवला. त्यांना वाचता येत नाही, पण आपला अंगठा ओळखता येतो. ठशातल्या पांढऱ्या रेघेवरून त्यांनी बोट फिरवलं.

“म्हंजे माज्याच अंगठ्यानं माजा झरा बुजीवला व्हय गं?”

मी रडायला लागले.

“रडू नगंस. तुज्या रडन्यानं हंडा भरायचा न्हाय. वर कोरं व्हतं ते तुला दिसलं न्हाय?”

“दिसलं होतं.”

“मग?”

वस्तीत बातमी दुपारपर्यंत पसरली. बाया माझ्याशी बोलेनाशा झाल्या. पोरं अंगणवाडीत यायची, पण आया दारातूनच परत फिरायच्या. एकीने माझ्या अंगणात हंडा आपटला आणि म्हणाली, “शिकलेली सून!” मी मान वर केली नाही. काय म्हणून करणार?

आणि चौथ्या दिवशी सरपंच अंगणवाडीत आले. ते कधीच यायचे नाहीत. कचेरीतून फोन गेला असणार. पोरं खिचडी खात होती. ते उंबऱ्याच्या बाहेरच उभे राहिले, चप्पल न काढता.

“बाई, कोल्हापूरला गेलतीस म्हनं.”

“व्हय. जरा काम होतं.”

“काम अंगणवाडीत असतंय. सेविका कोन ठेवायची, कोन काढायची, गावाला इचारत्यात, ठावं हाय न्हवं?” पोरांकडे बघून ते हसले. “अक्षर झकास हाय तुजं. पडद्यावरबी उटून दिसतंय.”

गेले. मला भ्यायला फार कारणं होती. नवऱ्याचा दम्याचा आजार, घरात कमावती मी एकटी. सेविकेचं काम गेलं तर पुन्हा दुसऱ्याच्या बांधावर. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात. पण आमचं पाणीच जाणार होतं, मग मासा कसला नि वैर कसलं!

खाणीवरच्या जनसुनावणीला अजून काही दिवस होते. पेपरात लिहिलं होतं, हरकत लेखी द्यावी, ई-मेलनेही चालेल. कचेरीत पुन्हा जायचं माझ्याने होईना. मी पुन्हा त्या दुकानात गेले. माझ्याकडे ई-मेल नव्हता, मालकाने काढून दिला. मराठी टाईप करता येईना. “हातानं लिवा की,” तो म्हणाला, “स्कॅन करून धाडू.” मी तिथेच बसून लिहिलं. झरा आहे. आम्ही तो पितो. वरचा मजकूर आम्ही सह्या केल्या तेव्हा नव्हता. खाली माझं नाव, पूर्ण. मालकाने कागद काचेवर पालथा घातला, खालून उजेड सरकत गेला. अशाच एखाद्या काचेवर आमचं ते पान ठेवलं असेल. कागद गेला. गेल्याचा पुरावा म्हणून पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली. तिची प्रिंट मी मागून घेतली. आता मी सगळ्याची प्रिंट मागत होते.

जनसुनावणी तालुक्याच्या एका मंगल कार्यालयात होती. स्टेजवर सुनावणी घेणारे सरकारी साहेब, बाजूला कंपनीची माणसं, दारात पोलीस, समोर व्हिडिओ कॅमेरा. पुढच्या खुर्च्यांवर आमच्या गावातले पुढारी. वस्तीतून मी आणि आत्या, दोघीच. आत्या माझ्याशी रस्त्यात एक शब्दही बोलल्या नव्हत्या, पण आल्या होत्या. कंपनीच्या माणसाने पडद्यावर हिरवीगार चित्रं दाखवली. साहेबांनी माईक घेतला.

“मुदतीत एकही लेखी हरकत प्राप्त झालेली नाही. प्रभावित वस्तीची संमती अहवालात जोडलेली आहे.”

एकही नाही. माझ्या पिशवीत प्रिंट होती. मी अर्धवट उठले. खरं सांगते, मला लघवीला लागलं होतं, आता इथेच होईल असं वाटत होतं. सरपंचांची मान अर्धी मागे वळलेली. मी परत बसले. म्हटलं, जाऊ दे. आपल्याने होणार नाही.

आत्यांनी माझं मनगट धरलं. धरलं कसलं, अंगठा रुतवला. त्याच अंगठ्याने.

मी उभी राहिले. माईकपर्यंत कशी गेले आठवत नाही. आवाज फुटला तो माझा वाटतच नव्हता. आधी नाव सांगितलं, गाव सांगितलं.

“हरकत मी पाठवलीय. ई-मेलनं. हा कागद.”

सभेत कुजबुज झाली. साहेब म्हणाले, “बघून घेऊ. बसा.”

“आणि संमतीचं पान खोटं आहे.”

सरपंच उठले. “साहेब, त्या पानावरचं अक्षर हिचंच हाय. इचारा तिला. हाय का न्हाय गं?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. याच प्रश्नाच्या भीतीने मी आठ दिवस धड जेवले नव्हते. खोटं बोलावं असं मनात आलं.

“हाय,” मी म्हणाले. “खालचं अक्षर माझं हाय. नावं मी लिवली. अंगठं मी घेतलं. वर कोरं होतं, ते मला दिसत होतं, तरी घेतलं. ती माझी चूक. पर वरचं अक्षर माझं न्हाय. दोन हात हायेत त्या पानावर, बघा. जागा पुरली न्हाय म्हणून समासात चढवलंय. सभेत लिवलेला ठराव असा चढतो का?”

कुणी हसलं नाही. साहेबांनी कागद हातात घेतला, बघितला, बाजूला ठेवला. “नोंद घेतली,” म्हणाले. मी जागेवर येऊन बसले.

महिन्याभराने त्या सुनावणीचा वृत्तांत साईटवर आला. मी कोल्हापूरला जाऊन वाचला. बाण आता माझं ऐकत होता. माझं बोलणं शोधत शोधत खाली गेले. एकच ओळ सापडली. ‘एका महिलेने पाण्याबाबत विचारणा केली. प्रकल्पाच्या प्रतिनिधींनी तिचे समाधान केले.’

एका महिलेने. मी माईकवर माझं नाव सांगितलं होतं. गाव सांगितलं होतं. कॅमेरा चालू होता. कचेरीत फाईल आत ओढणं आणि इथे नाव गिळून टाकणं, दोन्ही एकच. यंत्र कुणाची जात विचारत नाही हे खरं, पण यंत्रात काय घालायचं ते ठरवणारा हात तोच आहे. हे कळलं तेव्हा भीतीच्या खाली मला पहिल्यांदा राग सापडला.

खाणीचा निकाल अजून लागला नव्हता. अंगणवाडीत माझ्या कामाची चौकशी लागली होती. अशात पुढची ग्रामसभा झाली आणि दुसऱ्या दिवशी शिपाई वही घेऊन दारात आला. काही घडलंच नाही असा.

“वैनी, तेवढी नावं घाला.”

मी वही उघडली. वरचा अर्धा भाग कोरा.

“ठराव लिहून आणा. आधी वाचीन, मग सही.”

“असं कुटं असतंय व्हय? सरपंचांनी सांगितलंय, आत्ताच्या आत्ता आना. न्हाईतर तुमची नोकरी...” त्याची काही चूक नव्हती. तोही भ्यालेलाच होता.

बाया दारादारातून बघत होत्या. हंडा आपटणारीही बघत होती. वाटलं, परत करावी वही, विषय संपला. पण परत केली तर अंगठे दुसरा कुणीही घेईल. मी पेन काढलं. कोऱ्या जागेवर, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, एक तिरकी रेघ ओढली. तिच्यावर लिहिलं: ही जागा कोरी होती. कोणताही ठराव आम्हाला वाचून दाखवलेला नाही. खाली माझं पूर्ण नाव, आणि नावापुढे वस्ती.

“आता गं बया!” शिपाई म्हणाला.

“थांबा जरा,” मी म्हणाले. आत्या पुढे आल्या, शाईच्या पॅडवर स्वतः अंगठा दाबला आणि त्या ओळीखाली टेकवला. मागून एकेक बाई आपल्या दारातून उतरून आली. ज्या अजून माझ्याशी बोलत नव्हत्या, त्याही. बोलल्या नाहीत, अंगठा दिला आणि गेल्या.

शिपायाला दारात बसवून ठेवलं, पाणी दिलं, झऱ्याचं. तोवर ते पान मी अक्षर न् अक्षर दुसऱ्या कागदावर उतरवून घेतलं, त्यावरही सगळ्यांचे अंगठे घेतले. तो कागद घेऊन उद्या मी कोल्हापूरला जाणार आहे. पान काचेवर जाईल, साहेबांना जाईल, त्यांच्या वरच्या साहेबांना जाईल, पेपरवाल्यांना जाईल. हरकत मिळाली नाही असं त्यांनी पुन्हा म्हटलं, तर पुन्हा पाठवीन. काढलं कामावरून तर काढू दे. लाकडं चढवली आहेत, पुन्हा चढवीन. पण यापुढे आमच्या वस्तीतून कोरं पान जाणार नाही.

वहीवरची ती ओळ मी पुन्हा पाहिली. हात इतका थरथरत होता की छापल्यासारखं म्हणायचे ते माझं अक्षर आयुष्यात पहिल्यांदा वेडंवाकडं आलं होतं.

येऊ दे. वाचता येतं.